मोठीमायची छाट

मोठीमायला माणूस पसंत पडल्याचं मी फार थोड्या वेळा पाहिलं. कुणी घरी आलं की ती आधी त्याच्या पायांकडे बघायची, मग हातांकडे आणि सगळ्यात शेवटी तोंडाकडे. तो माणूस उंबऱ्याबाहेर पडायच्या आत निकाल लागलेला असायचा. निकाल एका शब्दाचा: "छाट." पुष्कळदा तो शब्द त्या माणसाच्या कानावरही जायचा, आणि तो जावा अशीच तिची इच्छा असायची.

शब्द बिडीच्या धंद्यातला. बालाघाटला आमच्या वॉर्डात तेव्हा घरोघरी बायका मांडीवर सूप घेऊन बिड्या वळायच्या आणि संध्याकाळी पंचवीस-पंचवीसचे कट्टे बांधून सट्टेदाराच्या ओसरीवर न्यायच्या. सट्टेदार हा कारखान्याचा मधला माणूस. पानं आणि तंबाखू तो देणार, वळलेला माल तोच घेणार. कट्टा हातात घेऊन तो दाबायचा, एखादी बिडी नखानं टोचायचा आणि मनाला येईल तेवढा माल खराब म्हणून बाजूला काढायचा. ती छाट. छाटेची मजुरी नाही. पण ती परतही मिळायची नाही, त्याच्याकडेच राहायची, आणि पुढे त्याच बिड्या बाजारात कुणीतरी पैसे मोजून ओढायचा. त्या ओढून कुणाला जास्त खोकला आल्याचं मी तरी ऐकलं नाही.

मोठीमाय म्हणजे माझ्या वडिलांच्या थोरल्या भावाची बायको. मोठे बाबा उकव्याच्या खाणीत मॅंगनीज फोडता फोडता छातीच्या रोगानं गेले. पोरबाळ नव्हतं. आम्ही किरनापूरजवळच्या खेड्यातले, पाच भावंडं, बाप दुसऱ्याच्या बांधीत धान रोवणारा. मॅट्रिकच्या शाळेसाठी बापानं मला तिच्या दारात आणून उभं केलं, तेव्हा तिनं माझ्याही पायांकडे बघितलं. "पाय तं गाढवाचे हायेत," ती म्हणाली, "डोक्स कोनाचं हाये ते पाहू." छाट मात्र म्हणाली नाही. पुढची बरीच वर्षं मी त्याच भरवशावर त्या घरात जेवलो.

तिच्या तिरस्काराला जातपात, श्रीमंती-गरिबी असा भेद नव्हता. देवळातला पुजारी छाट, दवाखान्यातला कंपाउंडर छाट, मुलीच्या लग्नात कर्ज काढून वाजंत्री आणणारा शेजारी छाट, आणि दारू पिऊन बायकोला मारणारा तर तिच्या लेखी छाटेतही बसत नव्हता. नागपूरला बौद्ध धर्माची दीक्षा घेऊन परत आल्यावर तिनं घरातले देव सुपात काढले. पितळेचे टाक होते, सासऱ्याच्या आजापासूनचे. एकेक टाक बोटांत धरून तिनं कट्टा दाबावा तसा दाबून पाहिला. मग सूप डोक्यावर घेऊन वैनगंगेवर गेली आणि पाण्यात रिकामं केलं. बाकीच्या बायका घाबरून हात जोडत होत्या. हिनं फक्त सूप झटकलं, कारण दुसऱ्या दिवशी त्यावर बिड्या वळायच्या होत्या.

आणि तिची मूठ. सट्टेदारानं तिच्या मालातून छाट काढली की ती हात पुढे करायची. "दाखव." तो दाखवायचा. ती त्या बिड्या मुठीत घ्यायची, कडाकडा चुरायची आणि त्याच्या सारवलेल्या ओसरीवर तंबाखूचा भुगा सोडून द्यायची. "मजुरी नाही, तं बिडी बी नाही." हा रिवाज तिनं पाडला. तिचं बघून वॉर्डातल्या सगळ्या बायका छाट चुरायला लागल्या, आणि गंमत अशी की त्याबरोबर छाटही कमी झाली. फुकट मिळत नाही म्हटल्यावर सट्टेदाराला बिड्यांतले दोष दिसेनासे झाले.

आता माझ्या शहाणपणाबद्दल. मला सरकारी शिष्यवृत्ती होती. शाळेत फॉर्म गुरुजी भरायचे, कॉलेजच्या पहिल्या दोन वर्षांत त्यांचाच एक जुना नमुना बघून मी भरला. जातीच्या रकान्यात जुनी जात लिहिलेली असायची आणि कुणाला त्याचं काही वाटायचं नाही. बी.ए.च्या शेवटच्या वर्षी मात्र मी वॉर्डातल्या सभेत भाषण केलं होतं आणि त्याला टाळ्या पडल्या होत्या. त्या टाळ्या डोक्यात घेऊन मी फॉर्म भरायला बसलो. जातीच्या रकान्यात 'बौद्ध' लिहिलं. बारीक अक्षरात लिहिलं असतं तर कदाचित खपून गेलं असतं, पण मी शाईचा टाक दाबून दाबून लिहिलं आणि खाली रेघही मारली. असली चूक आमच्याच वस्तीतला पोरगा करू जाणे. वरच्या आळीतल्या कुणाला स्वतःबद्दल खरं लिहिल्यामुळे फी भरावी लागल्याचं ऐकिवात नाही.

कलेक्टरीतल्या शिष्यवृत्तीच्या बड्या बाबूंनी मला टेबलाशी बोलावलं. पान खात होते. फॉर्म माझ्याकडे सरकवून म्हणाले, "धरम बदल लिया तो जात गई. जात गई तो वजीफ़ा भी गया. सीधा हिसाब है." वीस मैलांवर गोंदियाला माझा मावसभाऊ तोच शब्द लिहून सवलत घेत होता, पण मध्ये राज्याची हद्द आली होती, आणि बौद्धांना सवलत हद्दीपलीकडेच होती. हद्द नवीन होती. आम्ही झोपेत असताना ती आमच्या आणि आमच्या सोयऱ्यांच्या मध्ये कुणीतरी आखून गेलं होतं. हे मी बड्या बाबूंना सांगितलं. तर मग गोंदियाला जाऊन राहा, असा त्यांनी मला सल्ला दिला आणि खिडकीबाहेर थुंकायला उठले.

वर्षाची फी आणि परीक्षेची फी, दोन्ही दिवाळीनंतर लगेच भरायच्या होत्या. नाही भरल्या तर परीक्षेला बसता येणार नव्हतं, आणि पुढच्या वर्षी पुन्हा बसेन म्हणण्याची आमच्या घरात सोय नव्हती. माझ्यामागचे दोन भाऊ माझ्या नोकरीची वाट बघत गुरं राखत होते. बाप तापानं अंथरुणावर होता. म्हणजे मी बी.ए. होणार की बांधीत उतरणार, ते त्या दोन-तीन आठवड्यांत ठरणार होतं.

अशा वेळी वॉर्डात एक मंत्रीजी होते. सरकारातले नव्हेत, आमच्याच वस्तीच्या समितीचे मंत्री. पांढरं धोतर, पांढरा सदरा, खिशाला दोन पेनं, त्यातलं एक बंद. नदीवर देव सोडायच्या दिवशी सगळ्यात मोठ्यानं हेच ओरडले होते. जो जुनी जात लिहील तो समाजाचा वैरी, हे वाक्य माझ्या भाषणात मी यांच्याच भाषणातून उचललं होतं. त्यांच्याकडे गेलो, तर त्यांनी दार लोटून घेतलं आणि हळू आवाजात म्हणाले की एवढं काही नाही, कोर्टातून एक शपथपत्र करायचं. धर्म मनात असतो, कागद ऑफिसात असतो, दोघांची गाठ पडायचं कारण नाही. त्यांच्या मुलाची शिष्यवृत्ती कशी चालू राहिली ते मला तेव्हा कळलं. मला त्यांचा राग यायला हवा होता. खरं सांगायचं तर मला हायसं वाटलं.

शपथपत्रावर घरातल्या वडील माणसाचा अंगठा लागत होता. मी मोठीमायला काय आहे ते धड सांगितलं नाही. शिष्यवृत्तीच्या कागदाला अंगठा पाहिजे, एवढंच म्हणालो. ती त्या दिवशीच्या बिड्या सोडून, धुतलेलं लुगडं नेसून माझ्याबरोबर कचेरीत आली. मंत्रीजी आधीच येऊन थांबले होते. अर्जनवीस झाडाखाली पेटी मांडून बसला होता. त्यानं तिचा अंगठा शाईच्या गादीवर दाबला, आणि मोठीमाय म्हणाली, "वाच."

अर्जनवीस म्हणाला, वाचायची गरज नाही. ती अंगठा वर धरून बसून राहिली. शेवटी त्यानं भराभर वाचलं. हम शपथपूर्वक कहते हैं कि हम हिंदू हैं, और हमने या हमारे परिवार ने अपना धर्म कभी नहीं छोड़ा. तिनं ते वाक्य पुन्हा वाचायला लावलं.

"कधी सोडलाच नाही, असं म्हन्ते का हा कागद?"

मंत्रीजी म्हणाले, हौ, पण ते नुसतं लिहायपुरतं.

"मंग मी नागपूरले काय सर्कस पाहाले गेलती?"

तिनं शाईचा अंगठा लुगड्याच्या काठाला पुसला. एकच धुतलेलं लुगडं होतं ते, आणि तो डाग पुढे कधी निघाला नाही. उठता उठता तिनं मंत्रीजींना विचारलं की तुमच्या पोराचा कागदही हाच का. मंत्रीजींना झाडावर काहीतरी दिसलं. तिनं त्यांच्या पायांकडे बघितलं, हातांकडे बघितलं, आणि तो शब्द इतक्या सावकाश उच्चारला की आजूबाजूचे चार पक्षकार वळून बघायला लागले.

रस्त्यात मी तिच्यावर तुटून पडलो. मी काय काय बोललो ते सगळं लिहिणार नाही, तेवढी लाज अजून शिल्लक आहे. शेवटी म्हणालो, "तुले काय हाये त्या कागदाचं? तुले वाचता बी येत नाही."

"वाचता येत नाही म्हनून तं आयकलं," ती म्हणाली.

दोन दिवस मी तिच्याशी बोललो नाही. तिच्या हातचं जेवलो मात्र दोन्ही वेळा. तिसऱ्या दिवशी तिनं तेंदूच्या पानात बांधलेलं पुडकं माझ्यापुढे ठेवलं. दोन्ही फियांचे पैसे होते. "जा, भरून ये. अन् त्या बड्या बाबूकडे पाहू बी नको." मी भरून आलो. पैसे कुठून आले हे विचारलं नाही. माझा मुख्य विषय अर्थशास्त्र होता. पैसा कुठून येतो याची पाच उत्तरं मी परीक्षेत न अडखळता लिहू शकलो असतो, पण घरात आलेला पैसा कुठून आला हे विचारायची मला भीती वाटली.

थंडीत एकदा तिला ताप होता म्हणून कट्ट्यांची टोपली मी उचलली आणि तिच्याबरोबर सट्टेदाराच्या ओसरीवर गेलो. सट्टेदारानं एक कट्टा बाजूला काढला. मग दुसरा. मग चांगला भरीव वळलेला तिसराही. मी मोठीमायच्या हाताकडे बघत होतो. तिची मूठ एकदा वळली आणि पुन्हा सैल पडली. हात पुढे आलाच नाही. रांगेत शेवंता म्हणून एक बाई होती, मोठीमायची सावली म्हणतात तशी. तिनं तोंड फिरवून घेतलं. तिच्या मागच्या दोघींनी एकमेकींकडे बघितलं. त्यांच्या नजरेत काय होतं ते मी ओळखलं, कारण तशी नजर मी मोठीमायकडूनच शिकलो होतो.

सट्टेदार खुशीत होता. मला म्हणाला, "पढ़ो बाबू, अच्छे से पढ़ो. तुम्हारी फीस के लिए मुट्ठी गिरवी रखी है इसने." असा तो सौदा होता. त्यानं पैसे आगाऊ दिले होते, आणि ते फिटेपर्यंत तिनं छाट चुरायची नाही, तोंडातून शब्द काढायचा नाही. तो काही पैशाचा भुकेला नव्हता. व्याज त्याला हेच हवं होतं. आणि तिनं चुरणं सोडल्यावर एकेक करून बाकीच्यांनीही सोडलं, आणि सगळ्या वॉर्डाची छाट पुन्हा पहिल्यासारखी वाढली. माझ्या बी.ए.ची फी शेवंताही भरत होती आणि जिचं नाव मला आठवत नाही अशी कोपऱ्यातली म्हातारीही. पंपावर पाणी भरायला मोठीमाय गेली की बायका गप्प व्हायच्या. ज्या बाईनं जन्मभर सगळ्यांना छाटलं, तिला त्यांनी बाजूला काढलं होतं.

घरी येताना मी म्हणालो की मी कॉलेज सोडतो. ती थांबली. "फी भरली ना? आता नापास झाला तं पाय तोडीन." थोडं चालल्यावर आपणहूनच म्हणाली, "कागद एकदा लिहिला का पोराच्या पोरापर्यंत जाते. मूठ माही हाये. आज खुली ठेवली, उद्या बंद करीन."

मी सेकंड क्लासात पास झालो. दीड वर्षानं कलेक्टरीत कारकून म्हणून लागलो. पहिल्या सहा पगारांतले हप्ते सट्टेदाराकडे गेले. शेवटचा हप्ता फिटला त्या संध्याकाळी ती मला बरोबर घेऊन ओसरीवर गेली. सट्टेदारानं सवयीनं कट्टा बाजूला काढला आणि हिनं हात पुढे केला. "दाखव." सगळी रांग वाकून बघायला लागली. तिनं मूठ वळली, पण बिड्या नुसत्या वाकल्या. बोटं आखडली होती. थंडीनं असेल, वयानं असेल. तिनं दुसऱ्यांदा दाबून पाहिलं. सट्टेदार हसणार तेवढ्यात शेवंता रांगेतून पुढे आली, तिच्या हातातल्या बिड्या घेतल्या आणि स्वतःच्या मुठीत चुरून खाली टाकल्या. दुसऱ्या दिवशी पंपावर मोठीमाय आणि ती पूर्वीसारख्या भांडल्या.

इथं हे संपलं असतं तर फार छान झालं असतं. मंत्रीजींच्या भाषणांतल्या गोष्टी अशाच ठिकाणी संपायच्या. त्यांचा मुलगा पुढे मोठ्या हुद्द्यावर चढला, आणि वर्षातून एकदा येऊन धर्मांतरावर इतकं सुंदर बोलायचा की ऐकणाऱ्यांचे डोळे भरून यायचे.

माझी चार वर्षांत बदली झाली. इमारत तीच, टेबल दुसरं. शिष्यवृत्तीचं. बडे बाबू निवृत्त झाले होते, पण त्यांच्या पानाचे डाग खिडकीखाली तसेच होते. जुलैमध्ये फॉर्मांचे गठ्ठे यायचे. मी ते तपासायचो, आणि ज्यांत जातीच्या रकान्यात तो शब्द लिहिलेला असेल ते वेगळे काढायचो. नियम तसाच होता. मी नियम केला नव्हता. ही सगळी वाक्यं मी स्वतःला बऱ्याच वेळा ऐकवलेली आहेत.

मोठीमाय तेव्हा फार थकली होती. बिड्या सुटल्या होत्या, खोकला सुटला नव्हता. मी बायकोसह सरकारी क्वार्टरात राहायचो आणि रविवारी तिच्याकडे जायचो. असल्याच एका रविवारी तिनं मला विचारलं की तू हापिसात दिवसभर करतो तरी काय. मी कौतुकानं सांगायला लागलो. पोरांचे फॉर्म येतात, ते मी तपासतो, माझी सही झाल्याशिवाय पुढे जात नाहीत.

"अन् ज्या पोट्ट्यायनं बौद्ध लिवलं, त्यायचे?"

"ते बाजूले ठेवा लागते. नियम हाये."

मान वळवून तिनं माझ्या पायांकडे बघितलं, मग हातांकडे.

"म्हन्जे तू छाट काढून राह्यला," ती म्हणाली.

तोंडाकडे तिनं बघितलंच नाही. निकाल तिनं तिथेच थांबवला असं मी म्हणतो, पण तो लागला होता हे मला माहीत आहे. थोड्या वेळानं तिनं पाणी मागितलं. पाणी पिऊन झाल्यावर पेला परत देताना विचारलं, "मंग त्यायच्या फिया कोन भरून राह्यलं?"

त्या हिवाळ्यात ती गेली. शेवंतानं तिला शेवटची आंघोळ घातली आणि तेच शाईचा डाग असलेलं लुगडं नेसवलं. दुसरं धुतलेलं असतानाही.

नोकरी मी सोडली नाही. त्या टेबलावर मी पुढे पुष्कळ वर्षं होतो. दर जुलैला वेगळ्या काढलेल्या फॉर्मांचा गठ्ठा समोर ठेवायचो, त्यातला एक उचलायचो आणि त्या पोराची फी माझ्या पगारातून भरून यायचो. कुठलाही एक, वरचा असेल तो. पोराला कधी सांगितलं नाही, कारण सांगितलं असतं तर त्यानं माझे पाय धरले असते, आणि पायांकडे कुणी बघितलेलं मला सोसत नाही. एकाचीच भरायचो. बाकीचे सगळे फॉर्म मी दोऱ्यानं बांधून कपाटात ठेवायचो.